कार्डाला दोन गिऱ्हाईकं हवीत: आमच्या ३६० कार्डांच्या क्यूबची दुरुस्ती

जुलैतला रविवार, डोंबिवलीतलं आमचं घर, जेवणाच्या टेबलावर मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाच्या ड्राफ्टची, म्हणजे तिथेच निवडलेल्या कार्डांनी खेळायची, दुसरी मॅच. शेजारच्या इमारतीतला कॉलेजातला मुलगा लाल-काळा डेक, म्हणजे त्या दोन रंगांच्या कार्डांचा गठ्ठा, खेळत होता. दुसऱ्या टर्नला त्याने मॉग वॉर मार्शल उतरवला, सोबत एक गॉब्लिन टोकन, म्हणजे कार्डाशिवायचा छोटा लढवय्या, आलं. मार्शलला टिकवायचं तर पुढच्या टर्नला त्याची किंमत पुन्हा मोजावी लागते. मुलाने ती मोजली नाही, कारण मार्शल जाताना आणखी एक गॉब्लिन देऊन जातो. वाचलेल्या मॅनातून, म्हणजे कार्डं उतरवायला लागणाऱ्या शक्तीतून, त्याने क्रेन्कोज कमांड टाकलं आणि आणखी दोन गॉब्लिन आणले. आता टेबलावर चार गॉब्लिन आणि हातात गॉब्लिन बुशव्हॅकर. पुढच्या टर्नला तो किकर, म्हणजे जादा किंमत, भरून उतरला असता, तर एका हल्ल्यात १० डॅमेज, म्हणजे समोरच्याचं निम्मं आयुष्य.

समोर माझी वहिनी होती. तिने तीन लँड (मॅना देणारी कार्डं) आडव्या केल्या, म्हणजे वापरल्या, इलेक्ट्रिकरी ओव्हरलोड करून, म्हणजे समोरच्या सगळ्यांवर एकदम, टाकलं, आणि चारही गॉब्लिन एका क्षणात गेले.

मुलाने टोकन्स गोळा करून डबीत ठेवली आणि मला विचारलं, "काका, या डेकने आपल्याकडे कधी कोणी जिंकलंय का?"

मी वही उघडली. तोवर सहा बैठका झाल्या होत्या. लाल-काळा डेक दर बैठकीत कोणी ना कोणी बांधला होता, आणि एकदाही तो वर आला नव्हता. दोष मुलाच्या खेळण्यात नव्हता. मी निवडलेल्या ३६० कार्डांत तो होता, आणि तो कुठे आहे हे शोधायला मला पुढचे दोन महिने लागले.

हा खेळ ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मॅजिक: द गॅदरिंग हा खेळ रिचर्ड गारफिल्ड यांनी रचला आणि तो १९९३ मध्ये बाजारात आला. आज त्याची २५ हजारांहून जास्त वेगवेगळी कार्डं आहेत. आमच्या ड्राफ्टमध्ये प्रत्येकाला १५ कार्डांची तीन पाकिटं मिळतात. पाकिटातून एक कार्ड उचलायचं आणि उरलेली शेजाऱ्याकडे सरकवायची. पहिलं पाकीट डावीकडे, दुसरं उजवीकडे, तिसरं पुन्हा डावीकडे. शेवटी हाती आलेल्या ४५ कार्डांतून साधारण २३ निवडायची, १७ लँड घालायच्या आणि ४० कार्डांचा डेक तयार करायचा. ही पाकिटं दुकानातून न आणता आपणच निवडलेल्या कार्डांच्या संचातून वाटली, तर त्या संचाला खेळणारे क्यूब म्हणतात. आठ जणांना ४५ प्रमाणे ३६० कार्डं पुरतात, म्हणून बहुतेक जण ३६० पासून सुरुवात करतात. मीही तेच केलं.

माझी अट एकच होती: जे कार्ड छापील संचांत कधी तरी कॉमन, म्हणजे सगळ्यात सहज मिळणारं, म्हणून आलं आहे, तेच घ्यायचं. त्यामुळे खर्च आटोक्यात राहतो आणि कार्डावरचा मजकूर सहसा छोटा असतो, नव्या माणसाला वाचून लगेच खेळता येतो. १९९८ च्या एक्झोडस संचापासून कार्डावरच्या चिन्हाचा रंग बघून कॉमन ओळखता येतं, ते काळं असतं. त्याआधीच्या कार्डांचं मात्र शोधून बघावं लागतं. काउंटरस्पेल सुरुवातीला अनकॉमन, म्हणजे त्याहून दुर्मीळ, होतं, पुढे आइस एजमध्ये कॉमन झालं, म्हणून ते चाललं. लाइटनिंग बोल्ट, टेरर आणि लॅनोवार एल्व्हज तर अगदी पहिल्या संचापासूनच कॉमन आहेत.

पहिली यादी अशी होती: पाच रंगांची प्रत्येकी ५० कार्डं, दोन रंगांच्या दहा जोड्यांची प्रत्येकी ५, बिनरंगी २८ आणि लँड ३२. बेरीज बरोबर ३६०. प्रत्येक जोडीला मी एक सूत्र दिलं होतं. पांढरा-निळा उडणाऱ्यांचा, काळा-हिरवा कबरीतून, म्हणजे मेलेल्या-वापरलेल्या कार्डांच्या ढिगातून, परत आणणाऱ्यांचा, लाल-काळा गॉब्लिन आणून त्यांचे बळी देणाऱ्यांचा. कागदावर सगळं जिथल्या तिथे बसलेलं दिसत होतं.

वहीत मी सुरुवातीला फक्त कोण जिंकलं एवढंच लिहीत असे. त्या रविवारनंतर दुसरंच लिहायला लागलो: डेक बांधून झाल्यावर प्रत्येकाच्या बाजूला उरलेली कार्डं. क्यूब बांधणाऱ्या कोणालाही मी पहिली हीच सवय लावून घ्यायला सांगेन. आठ जण खेळले तरी डेकांत जातात ८ गुणिले २३, म्हणजे १८४ कार्डं. जवळजवळ निम्मा संच दर वेळी बाजूलाच राहतो. त्यामुळे एखादं कार्ड एकदा उरलं यावरून काहीच ठरत नाही. तेच कार्ड तिसऱ्यांदा, चौथ्यांदा उरलं, आणि दर वेळी वेगळ्या माणसाकडे उरलं, की ते यादीत का आहे हे विचारायची वेळ येते.

तीन बैठकांत उरलेल्यांची रांग दिसू लागली. प्रेझेन्स ऑफ गॉन्ड. ऑल्टर्स रीप. ब्लडथ्रोन व्हॅम्पायर. ट्रम्पेट ब्लास्ट. आणि दोन-रंगी कार्डांचा तर ढीगच.

सगळ्यात सोपं दुखणं आधी सापडलं. लहान क्रीचर, म्हणजे लढणारी कार्डं, एका फटक्यात झाडून टाकणारी कार्डं मी पाच घातली होती: पेस्टिलेन्स, क्रिप्ट रॅट्स, एव्हिन्कार्स जस्टिस, नॉशिया आणि इलेक्ट्रिकरी. पाचही नावाजलेली कॉमन, म्हणून हातासरशी घेतली होती. एकेक पाहिलं तर प्रत्येक उत्तम. पण ज्या संचात मी गॉब्लिन टोकन्सवर एक अख्खा डेक उभा केला, त्याच संचात त्याला झोपवणारी पाच कार्डं ठेवली होती, आणि त्यातली चार खुद्द काळ्यात, म्हणजे त्याच डेकच्या अर्ध्या रंगात. गॉब्लिन खेळणाऱ्याला ती वापरता येत नाहीत आणि शेजाऱ्याला देणंही परवडत नाही. पेस्टिलेन्स तर उतरलं की एका काळ्या मॅनाला सगळ्या क्रीचरना आणि दोन्ही खेळाडूंना एक-एक डॅमेज देतं, हवं तितक्या वेळा. त्याच्या मागे चार-पाच टफनेसचा (मरायला तेवढं डॅमेज लागणारा) एखादा क्रीचर उभा केला की समोरच्याने लहान काही उतरवण्यात अर्थच राहत नाही.

पेस्टिलेन्स, एव्हिन्कार्स जस्टिस आणि इलेक्ट्रिकरी काढली. क्रिप्ट रॅट्स ठेवले, कारण त्यांच्यात फक्त काळा मॅना ओतता येतो. ज्याने काळ्यावरच भर दिला आहे त्यालाच त्यांचा पुरता उपयोग, आणि ते स्वतः क्रीचर असल्याने समोरच्याकडे त्यांना उत्तर असतं. नॉशियाही ठेवलं. लहान क्रीचरना थोडी भीती असायला हवी, नाहीतर सगळेच टोकन्सच्या मागे लागतील. इलेक्ट्रिकरीच्या जागी फायरबोल्ट आलं: दोन डॅमेज, आणि पुढे पाच मॅना भरले की कबरीतून पुन्हा एकदा. वेगाने मारणाऱ्यालाही ते हवं असतं आणि लांब खेळणाऱ्यालाही.

एवढ्याने लाल-काळा सुधारेल अशी माझी खात्री होती. पुढच्या बैठकीत तो पुन्हा तळाला गेला, आणि या वेळी त्याच्या वाट्याला झाडणारं एकही कार्ड आलं नव्हतं. मग त्याचा डेक टेबलावर पसरून बघितला. बळी घेणारी कार्डं होती, द्यायला बळी नव्हते. गॉब्लिन आणणारी कार्डं दोन, आणि दोन्ही तिसऱ्या पाकिटात मिळालेली.

कारण आकड्यांत होतं. क्यूब मी आठ जणांसाठी बांधला होता, पण आमच्याकडे आठ जण क्वचितच जमतात. रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असला की कल्याणपलीकडचे दोघे येत नाहीत, परीक्षांच्या दिवसांत मुलं नसतात. बहुतेक वेळा आम्ही पाच किंवा सहा असतो. पाच जणांत वाटली जातात २२५ कार्डं. १३५ डब्यातच राहतात. माझ्या यादीत बळी घेणारी कार्डं पाच होती, त्यातली सरासरी तीन टेबलावर येणार आणि तीही पाच जणांत वाटली जाणार. ठरावीक दोनच कार्डांवर उभ्या असलेल्या डेकचं तर याहून वाईट. मिडनाइट गार्डला प्रेझेन्स ऑफ गॉन्ड लावलं की अनंत एल्फ निघतात: गार्ड आडवा करून एल्फ आणायचा, नवा क्रीचर आला म्हणून गार्ड उभा राहतो, पुन्हा आडवा. फार सुंदर जोडी आहे. पण पाच जणांच्या ड्राफ्टमध्ये ही दोन्ही कार्डं वाटपात येण्याची शक्यता ३९ टक्केच आहे, सहा जणांत ५६ टक्के. ती एकाच माणसाच्या हाती पडण्याची तर त्याहून पुष्कळ कमी. गार्ड एकटा मिळाला तर निदान २/३ चा, म्हणजे दोन मारणारा आणि तीनला मरणारा, शिपाई आहे. गॉन्ड एकटं मिळालं तर ते कुणालाच नको असतं.

इथे माझा विचार पालटला. तोवर मी प्रत्येक कार्डाला विचारत होतो, तू कोणत्या डेकचं आहेस? खरं विचारायला हवं होतं, तुझी गिऱ्हाईकं किती? पाच जणांच्या टेबलावर, अर्धवट वाटलेल्या संचात, ज्या कार्डाचं एकच गिऱ्हाईक आहे ते बहुतेक वेळा वाया जातं. निदान दोन वेगवेगळ्या प्रकारच्या डेकना ते हवं असलं पाहिजे. ते दोन डेक टेबलावर समोरासमोर आले तर आणखी चांगलं, कारण मग कार्ड उचलणं म्हणजे कुणाच्या तरी तोंडचं काढून घेणं होतं, आणि ड्राफ्टची खरी मजा तिथेच सुरू होते.

मुलड्रिफ्टरसारखं आदर्श कार्ड मला दुसरं माहीत नाही. पाच मॅनाला २/२ उडणारा आणि दोन कार्डं, हे कोणत्याही निळ्या डेकला चालतं. इव्होक केलं तर तीन मॅनाला उतरतो, दोन कार्डं देतो आणि लगेच मरतो. म्हणजे काळ्याला तो कबरीतून ग्रेव्हडिगरने परत आणायला हवा असतो. पांढऱ्या-निळ्याला तो एफिमरेटसाठी हवा असतो. हे एकदा हातात कार्डं घेऊन करून बघण्यासारखं आहे. मुलड्रिफ्टर इव्होकने उतरवा. दोन कार्डं घ्या. त्याला कबरीत नेणारा परिणाम अजून व्हायचा आहे, तेवढ्यात एका मॅनाचं एफिमरेट टाका. तो जातो आणि लगेच नवा होऊन परत येतो, पुन्हा दोन कार्डं देतो, आणि आता त्याला मारायला काहीच उरलेलं नसतं. चार मॅनात चार कार्डं आणि उडणारा. पुढच्या टर्नच्या सुरुवातीला एफिमरेट रिबाउंडने फुकट परत टाकता येतं, आणखी दोन. वहिनीने हे पहिल्यांदा केलं तेव्हा तिने स्वतःच ते दोनदा मोजून बघितलं होतं.

या कसोटीवर मी ३६० कार्डं एकेक करून पुन्हा तपासली. चार संध्याकाळी गेल्या. ऑल्टर्स रीप गेलं, कारण व्हिलेज राइट्स तेच काम एक मॅना कमी घेऊन करतं. गॉन्डच्या जागी पेनम्ब्रा स्पायडर आला: उडणाऱ्यांना अडवणारा २/४, आणि मेल्यावर तसाच दुसरा कोळी देणारा. हिरव्या बचावाला तो हवा, आणि बळी देणाऱ्याला एकाच कार्डात दोन बळी मिळतात. ॲक्ट ऑफ ट्रीझन मी पूर्वी निव्वळ लाल मारामारीचं कार्ड समजत होतो. ते आता लाल-काळ्याचा कणा झालं आहे. समोरच्याचा क्रीचर उचलायचा, त्याच्यावरच चालून जायचं आणि परत द्यायच्या आधी त्याचा बळी द्यायचा. ट्रम्पेट ब्लास्टचं गिऱ्हाईक एकच होतं, लाल. म्हणून टोकन्स पांढऱ्यातही वाढवली. रेझ द अलार्म आलं. डूम्ड ट्रॅव्हलर आधीपासून होताच, आता तो बळी देणाऱ्या पांढऱ्या-काळ्यालाही हवासा झाला. सगळ्या रंगांत मिळून बळी पुरवणारी कार्डं सात होती, ती सोळा झाली. पाच जण बसले तरी त्यातली सरासरी दहा वाटपात येतात.

दोन-रंगी कार्डांचा हिशेब मला आधीच दिसायला हवा होता. दहा जोड्या, आठ माणसं. प्रत्येकाने वेगळी जोडी घेतली तरी दोन जोड्यांना कुणीच नसतं, म्हणजे माझ्या पहिल्या यादीतली किमान दहा कार्डं प्रत्येक वेळी निरुपयोगी. प्रत्यक्षात दोघे-तिघे एकाच जोडीत शिरतात, त्यामुळे आकडा वाढतो. प्रत्येक जोडीची पाचाऐवजी तीनच ठेवली. अर्माडिलो क्लोकसारखी ज्यांच्यासाठी माणूस रंग बदलायला तयार होतो, तेवढीच.

लँडच्या बाबतीत मी माझाच एक नियम मोडला. क्यूबमध्ये प्रत्येक कार्डाची एकच प्रत असावी असा रिवाज आहे, मलाही तो आवडतो. पण खान्स ऑफ टार्किरच्या दहा दोन-रंगी लँडपैकी प्रत्येकीला एकच जोडी गिऱ्हाईक. जम्पस्टार्टमधल्या पाच थ्रायव्हिंग लँड मात्र एक रंग ठरलेला आणि दुसरा तुम्ही उतरवताना निवडायचा, म्हणजे प्रत्येकीला चार जोड्या गिऱ्हाईक. त्या दहा काढल्या आणि थ्रायव्हिंगच्या एकेका प्रतीऐवजी दोन-दोन प्रती ठेवल्या. ३२ च्या जागी २७ लँडमध्ये काम भागलं. दोन-रंगीतून सुटलेल्या २० आणि लँडमधून सुटलेल्या ५ जागा रंगांना दिल्या, त्यामुळे प्रत्येक रंग ५० वरून ५५ वर गेला.

कॅप्सइझ याच वेळी काढलं, जरी त्याला गिऱ्हाइकांची कमी नव्हती. सहा मॅना झाले की दर टर्नला समोरच्याची एक वस्तू, बहुधा लँड, हातात परत जाते आणि कॅप्सइझ स्वतःही हातात परत येतं. समोरचा हरलेला असतो, पण मॅच संपत नाही. पाच जणांत एक मॅच अशी लांबली की बाकीचे तिघे चहा करून, पिऊन, भांडी विसळून परत येतात. संध्याकाळ सगळ्यांची असते.

कार्ड निवडताना हवेचाही विचार करावा लागतो, हे मला इथेच कळलं. फॉइल, म्हणजे चकाकणारी, कार्डं दमट हवेत वाकतात. आमच्याकडे जून ते सप्टेंबर ती स्लीव्हमध्ये, म्हणजे कार्डाच्या प्लास्टिक कव्हरातही, कमानीसारखी होतात आणि डेकच्या गठ्ठ्यात कुठे आहेत हे बाजूने दिसतं, म्हणजे खूण केलेल्या पत्त्याने खेळण्यासारखंच. माझं लाइटनिंग बोल्ट फॉइल होतं, फार जपलेलं. ते काढून साधं आणलं. स्लीव्ह एकाच वेळी, एकाच खेपेतल्या घ्याव्यात; रंगाची छटा खेपेगणिक बदलते. ३६० कार्डं आणि सुमारे २०० साध्या लँड, म्हणजे ५६० स्लीव्ह, वर फाटतील त्यासाठी थोड्या.

नव्या माणसाला मी आता रंग लवकर ठरवू नकोस एवढंच सांगतो. मेंढीकोटात हुकूम उघडेपर्यंत आपण हात राखून खेळतो, तसे पहिले चार-पाच पत्ते चांगले दिसतील ते घ्यावेत आणि डावीकडून-उजवीकडून काय येत राहतं ते बघावं. आठ जण असले तर पहिलं पाकीट नवव्या उचलीला सात कार्डांचं होऊन परत येतं. त्यात काय उरलंय यावरून शेजाऱ्यांचे रंग कळतात. पाच जणांत ते सहाव्याच उचलीला, दहा कार्डांसह येतं. जुन्या यादीत हे वाचणं अवघड होतं, कारण परत आलेलं गॉन्ड कोणता रंग मोकळा आहे हे सांगत नाही, ते कुणालाच नको एवढंच सांगतं. दोन गिऱ्हाईकं असलेलं कार्ड फिरून आलं तर त्यातून खरंच काही कळतं.

नव्या यादीच्या चार बैठका झाल्या आहेत. तिसरीत तोच मुलगा पुन्हा लाल-काळा घेऊन बसला, पुन्हा वहिनीसमोर. तिच्याकडे गर्मॅग अँगलर होता, ५/५, आणि मुलाकडे त्याला अडवेल असं काहीही नव्हतं. आपल्या टर्नला त्याने चार लँड आडव्या केल्या. तीन मॅनाला ॲक्ट ऑफ ट्रीझन, अँगलर आपल्याकडे घेतला, पाच डॅमेज केलं, आणि उरलेल्या एका मॅनाला व्हिलेज राइट्स टाकून अँगलरचाच बळी देत दोन कार्डं उचलली. वहिनीने अँगलर आपल्या कबरीत ठेवला आणि ॲक्ट ऑफ ट्रीझन हातात घेऊन पुन्हा वाचलं. ते कार्ड दुसऱ्या पाकिटात तिनेच त्याच्याकडे सरकवलं होतं. मुलगा ती मॅच जिंकला, बैठकीत दुसरा आला.

उरलेल्या कार्डांची रांग आता पांगली आहे. तेच नाव सलग तीनदा आलेलं वहीत नाही. ब्लडथ्रोन व्हॅम्पायरही दोनदा डेकात गेला. मात्र नवं दुखणं दिसतंय. टोकन्स पांढऱ्यात वाढवली, बळी देणाऱ्यालाही पांढरा हवासा झाला, आणि चारही बैठका जिंकलेल्या डेकांत पांढरा होता. गिऱ्हाईकं सगळी एकाच दुकानात जमली. वहिनीचं म्हणणं, कोर स्कायफिशर काढा: दोन मॅनाला २/३ उडणारा, आणि तो जी वस्तू हातात परत नेतो तीही बहुतेक वेळा फायद्याचीच. ज्याच्या पाकिटात येतो तो बाकी काही न बघता तोच उचलतो. मला तो काढवत नाही, पण तिचं बरोबर आहे. जिथे निवडायला काही उरत नाही तिथे गिऱ्हाईकं मोजून काय उपयोग? येत्या रविवारी तो डब्यात ठेवून खेळणार आहोत. पाच जण नक्की आहेत, कल्याणच्या दोघांचं शनिवारी कळेल.